कॉम्पॅक्ट एसयूव्हीमागे कॅम्पिंग ट्रेलर: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की गाडीमागे छोटा ट्रेलर जोडून दाजीपूर नाहीतर आंबोलीला जायचं खूळ बऱ्याच जणांच्या डोक्यात शिरतं. मग प्रश्न सुरू होतात, आणि पहिला प्रश्न नेहमी इंजिनाचा असतो. इंजिन ही या प्रकरणातली सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. ओढायला बहुतेक गाड्या ओढतात, प्रश्न थांबवायचा आणि उतरवायचा असतो. खालची बरीच उत्तरं फिरून तिथेच येतील.

माझी कॉम्पॅक्ट एसयूव्ही ट्रेलर ओढेल का?

सपाट रस्त्यावर हलका ट्रेलर ओढेल. पण 'ओढेल का' हे इंजिनाला विचारण्याआधी गाडीच्या मॅन्युअलला विचारा. काही कंपन्या ओढण्याची क्षमता छापतात, काही 'ट्रेलर जोडू नये' असं स्पष्ट लिहितात, आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये याबद्दल अवाक्षर नसतं. 'जोडू नये' लिहिलं असेल तर विषय संपला. शोरूममधला पोरगा 'काय होत नाही ओ साहेब' म्हणाला तरी संपला.

मॅन्युअलमध्ये काहीच लिहिलेलं नाही. परदेशात त्याच गाडीला दिलेला आकडा धरावा का?

अंदाजासाठी बघा, परवानगी म्हणून धरू नका. तेच नाव असलं तरी गिअरबॉक्स, रेडिएटर, मागचे ब्रेक, सगळं देशागणिक वेगळं असू शकतं. तरी त्या आकड्यांतून एक गोष्ट नीट कळते. ऑस्ट्रेलियात सुझुकी जिम्नीला ब्रेक असलेला ट्रेलर १३०० किलोपर्यंत चालतो आणि बिनब्रेकचा फक्त ३५० किलोपर्यंत. गाडी तीच, इंजिन तेच, हूकही तोच. मधल्या ९५० किलोंचा फरक ट्रेलरच्या स्वतःच्या ब्रेकमुळे पडला आहे.

मग वजन किती धरायचं?

कॉम्पॅक्ट एसयूव्हीचं रिकामं वजन साधारण ११०० ते १३०० किलो. बिनब्रेकचा ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जड नसावा, हा युरोपातला नियम, आणि वर ७५० किलोची कमाल मर्यादा. आपले घाट, आपले खड्डे आणि चुकीच्या बाजूने येणारे दुचाकीवाले बघता माझं मत असं की सगळा सामानसुमान भरून ५०० ते ६०० किलोंच्या वर जाऊ नये, आणि त्या ट्रेलरलाही ब्रेक असावेत.

इथे लोक हमखास फसतात ते 'रिकामं वजन' ऐकून. विकणारा सांगतो ३५० किलो. त्यात गादी, पाण्याची टाकी, बॅटरी, शेगडी, ताडपत्री, खुर्च्या, आणि आपल्या घरचा तो एक जाडजूड तवा घातला की ५०० कधी होतात कळत नाही. भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर घाला. शिरोलीच्या आसपास, मार्केट यार्डात, कुठल्याही साखर कारखान्याच्या रस्त्याला काटे आहेत. गाडीतून सुटा करून फक्त ट्रेलरचं वजन घ्या आणि पावती जपून ठेवा.

हुकावरचा भार म्हणजे काय? तो कसा मोजायचा?

ट्रेलरच्या एकूण वजनापैकी जेवढं वजन पुढच्या दांडीतून गाडीच्या हुकावर टेकतं, तो हुकावरचा भार. सगळ्या विषयातला हा सर्वात महत्त्वाचा आकडा, आणि मोजणारा माणूस विरळा.

तो एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के असावा. ६०० किलोंचा ट्रेलर असेल तर ४२ ते ६० किलो. कमी पडला तर ट्रेलरचं शेपूट जड होतं आणि वेगात तो डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो. जास्त झाला तर गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि रात्री तुमचा हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

मोजायला घरातला माणसांचा वजनकाटा पुरतो. सपाट जागा बघा. ट्रेलरच्या दोन्ही चाकांना लाकडी ठोकळे लावा. दांडीचं टोक, म्हणजे हुकाच्या गोळ्यावर (बॉलवर) बसणारा कपलर, गाडीला जोडल्यावर जेवढ्या उंचीवर असतो तेवढ्याच उंचीवर ठेवा. काटा जमिनीवर, काट्यावर फळी, फळीवर भक्कम लाकडाचा तुकडा उभा, आणि त्यावर कपलर. मग जॉकी व्हील (दांडीला टेकू देणारं छोटं चाक) हळूहळू वर घ्या. काटा दाखवेल तो तुमचा भार. सामान भरूनच मोजा. रिकाम्या ट्रेलरच्या भाराला काही अर्थ नाही.

भार कमी-जास्त करायला नवीन काही लागत नाही. २० लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे २० किलो. तो ट्रेलरच्या एक्सलच्या (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) पुढे ठेवला की भार वाढतो, मागे ठेवला की कमी होतो. जड वस्तू एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, तळाला. मागच्या टोकाला फक्त उशा आणि चादरी.

आणखी एक हिशोब. हूक मागच्या एक्सलच्या साधारण एक मीटर मागे असतो. गाडीच्या दोन एक्सलमधलं अंतर अडीच मीटर धरलं, तर हुकावरच्या ५० किलोंमुळे मागच्या चाकांवर ७० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे २० किलो उचलले जातात. आपल्या बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्ही पुढच्या चाकांवर चालतात. ओल्या लाल मातीच्या चढावर चाक जागेवर का फिरतं, याचं एक कारण हे. डिकीतही सामान कोंबलं असेल तर विचारायलाच नको.

हूक कुठे बसवायचा? उद्यमनगरात करून घेतला तर?

कोल्हापूरच्या फॅब्रिकेटरच्या हाताला तोड नाही. ऊसाच्या ट्रॉल्या बांधून बांधून पिढ्या तयार झाल्या आहेत. पण ट्रॅक्टर आणि मोनोकॉक गाडी यांत फरक आहे. ट्रॅक्टरला कुठेही जोडलं तरी खाली ओतीव लोखंड आहे. कॉम्पॅक्ट एसयूव्हीला वेगळी चॅसी नसते. पत्र्याची घडीव बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे हूक हा बंपरला नव्हे, बंपरच्या आत लांबवर जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मेंबरना (बॉडीच्या मजबूत आडव्या पट्ट्यांना), कंपनीने दिलेल्या भोकांतून, बोल्टनेच बसला पाहिजे. बॉडीला वेल्डिंग करू देऊ नका. त्या उष्णतेने पत्र्याचा कस जातो आणि आतून गंज धरतो.

गाडीसोबत मिळणारा, बंपरमध्ये आटे फिरवून बसवायचा जो डोळा असतो, तो बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी आहे. त्याला ट्रेलर अडकवलेला दिसला तर त्या गाडीपासून लांब राहा.

बॉल ५० मिलिमीटरचा घ्या, ट्रेलरचा कपलरही त्याच मापाचा. सुरक्षेची साखळी दोन पदरी, दांडीखाली एकमेकींवर फुली मारून. कपलर निसटला तर दांडी त्या फुलीवर झेलली जाते, रस्त्यात रुतत नाही.

आरटीओचं काय? हूक लावला म्हणून दंड होतो का?

दोन वेगळे विषय आहेत.

पहिला ट्रेलरचा. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याला स्वतःची नोंदणी लागते, स्वतःचा नंबर मिळतो. शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे, कारण गाडीची मूळ पाटी झाकलेली असते. ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर टी-१ या वर्गात येतो. विकत घेताना रंग आणि गादी नंतर बघा. नोंदणीला लागणारी मान्यतेची कागदपत्रं आधी हातात घ्या, मग पैसे द्या. 'नंतर करून देतो' हे उत्तर देणाऱ्याला नंतरच पैसे द्यावेत. घरी बांधलेला ट्रेलर कितीही देखणा असला तरी बिनकागदाचा रस्त्यावर आणता येत नाही.

दुसरा हुकाचा. गाडीत बदल करण्यावर कलम ५२ चं बंधन आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने बुलबारविरुद्ध (गाडीच्या पुढे लावतात त्या लोखंडी गार्डविरुद्ध) कारवाई करायला राज्यांना सांगितलं, तेव्हापासून गाडीबाहेर आलेलं कुठलंही लोखंड पोलिसांच्या नजरेत येतं. म्हणून निघणारा हूक घ्या. ट्रेलर नसेल तेव्हा काढून डिकीत ठेवायचा. पार्किंगमध्ये लोकांच्या नडग्याही वाचतात. आणि बसवण्याआधी एमएच-०९ च्या कार्यालयात जाऊन आपल्या गाडीचं नाव सांगून विचारून या.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कारवान पर्यटन धोरण आणलं आणि त्यात टेंट ट्रेलर, कॅम्पर ट्रेलर यांचाही उल्लेख आहे. पण धोरण आहे म्हणून रस्त्यावर अडवणाऱ्या हवालदाराला ते पाठ असेल असं नाही. कागद मूळ बाळगा.

विमा?

गाडीच्या पॉलिसीत ट्रेलरची नोंद करून घ्या, लेखी. तोंडी 'कव्हर आहे' याला क्लेमच्या दिवशी किंमत नसते.

वायरिंग घरचा इलेक्ट्रिशियन करेल का?

जुन्या गाडीला करेल. आताच्या गाड्यांत दिव्यांवर कॉम्प्युटरची नजर असते. मागच्या दिव्याच्या वायरीला सोलून जोड मारला की डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते, कधी इंडिकेटर भराभरा उघडझाप करतो, आणि वॉरंटीवाल्यांना बोट दाखवायला जागा मिळते. मधे रिले मॉड्यूल घाला. ते गाडीच्या वायरीतून फक्त इशारा घेतं आणि ट्रेलरच्या दिव्यांना वीज थेट बॅटरीतून फ्यूजमार्गे देतं. सात पिनांचा सॉकेट पुरतो. निघताना एकाला मागे उभं करून डावा, उजवा, ब्रेक, टेल असं म्हणून घ्या. दर वेळी.

ट्रेलरचे ब्रेक कसे चालतात? गाडीतून पाईप जोडावा लागतो का?

लहान ट्रेलरला बहुधा ओव्हररन ब्रेक असतात. गाडी मंदावली की मागचा ट्रेलर पुढे ढकलतो, त्या धक्क्याने दांडीचा सरकता भाग आत जातो, तो भाग सळई ओढतो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. पाईप नाही, वायर नाही.

यातल्या दोन खोड्या माहीत पाहिजेत. रिव्हर्स घेतानाही दांडी आत जातेच, म्हणजे ब्रेक लागतात. नवीन हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) ते आपोआप सुटण्याची सोय असते. जुन्यात खाली उतरून खिट्टी लावावी लागते. दुसरी खोडी घाटातली. उतारावर ट्रेलर सतत ढकलत राहतो, त्यामुळे ब्रेक सतत थोडे घासत राहतात आणि तापतात.

पेट्रोल की डिझेल? ऑटोमॅटिक चालेल?

डिझेल बरं. दीड लिटरच्या डिझेलला २५० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क मिळतो, तोही कमी फेऱ्यांत. ६०० किलोंचा ट्रेलर ८ टक्के चढावर गाडीला साधारण ४८ किलो वजनाच्या ताकदीने मागे खेचत असतो, घाट संपेपर्यंत अखंड. टर्बो पेट्रोलही खेचेल, पण तापमानाच्या काट्यावर लक्ष हवं आणि गरज पडली तर एसी बंद करायची तयारी.

ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारा) सर्वात सुखाचा. कोरड्या क्लचची डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) घाटातल्या सरकत्या ट्रॅफिकमध्ये तापते; नुसती गाडी असतानाच तापते, ट्रेलर जोडल्यावर बोलायलाच नको. तशी गाडी असेल तर चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. ब्रेक दाबून थांबा, पुढे जागा झाली की मगच निघा. मॅन्युअलवाल्यांनी अर्ध्या क्लचवर उभं राहू नये, हँडब्रेकने थांबावं.

कोणत्या घाटाने जावं?

पहिले काही प्रवास घाट न उतरताच करा. कोल्हापूरकरांचं नशीब असं की आंबा, गगनबावडा, दाजीपूर, आंबोली ही चारही ठिकाणं घाटमाथ्यावर आहेत. आजऱ्यावरून आंबोलीला गेलात तर सावंतवाडीचा घाट लागतच नाही. राधानगरीवरून दाजीपूरला गेलात तर फोंडा घाट पुढे राहतो. थंडी तीच, धुकं तेच, आणि उताराची परीक्षा नाही.

कोकणात उतरायचंच असेल तर माझी पसंती फोंडा घाटाला, कणकवलीकडे. आंबा घाट चालेल, पण रत्नागिरीच्या बाजूची अवजड वाहतूक तिथे मोठी असते, पाठीमागे ट्रक लागला की नवख्या माणसाची घाई होते. करूळ तीव्र आणि वळणाचा; हात बसल्यावर, पावसाळा सोडून. भुईबावडा अरुंद. तिलारीचा नाद करू नका. तिथली वळणं नुसत्या गाडीलाच आवळ पडतात.

पन्हाळा जवळ म्हणून सोपा वाटतो. तो कोल्हापूरच्या पातळीपासून सुमारे ४०० मीटर वर आहे आणि रविवारी वर गाडी वळवायला जागा नसते, ट्रेलर कुठून वळवणार? मधल्या वारी जा.

घाट उतरायचा कसा?

माथ्यावर थांबा. हबना हात लावून बघा, टायर बघा, कपलर हलवून बघा, चहा घ्या. मग दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला लागा. जो गिअर चढायला लागला असता तोच उतरायला. ऑटोमॅटिकमध्ये गिअर हाताने खाली लॉक करा. 'डी' मध्ये सोडू नका.

गाडी माणसांसह १५०० किलो धरा आणि ट्रेलर ६०० किलो. ट्रेलरला ब्रेक नसतील तर तेच चार ब्रेक आता ४० टक्के जादा काम करत आहेत. पायाने सतत हलकं दाबून ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय, त्याने पॅड थंड व्हायला वेळच मिळत नाही. वेग वाढला की एकदा ठाम दाबा, वेग खाली आणा, पाय पूर्ण सोडा. पुन्हा वाढू द्या, पुन्हा दाबा. वळणाच्या आधी वेग कमी झालेला हवा. वळणात ब्रेक मारला तर ट्रेलर गाडीच्या मागच्या बुडाला बाहेर ढकलतो.

जळक्या पॅडचा वास येतो तो तिखट असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. तो आला आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं की पहिल्या रुंद जागेत थांबा. चाकाला ठोकळा लावा, हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. अर्धा तास जाऊ द्या. मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू द्या.

ट्रेलर झुलायला लागला तर?

ब्रेक मारायचा नाही, वेग वाढवायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट करून सावरायला जायचं नाही. स्टिअरिंग सरळ घट्ट धरा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचला. वेग उतरला की झुलणं थांबतं. मग बाजूला घेऊन हुकावरचा भार तपासा, कारण नव्वद टक्के वेळा गोची तिथेच असते.

महामार्गावर वेग ६० ते ७०. जर्मनीसारख्या देशात ट्रेलरसाठी साधी मर्यादा ताशी ८० आहे, आणि त्यांचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. किणी किंवा कोगनोळीच्या टप्प्यात मोठी बस ओव्हरटेक करून गेली की हवेच्या झोताने ट्रेलर आधी पलीकडे ढकलला जातो, मग बसकडे ओढला जातो. दचकून स्टिअरिंग फिरवू नका.

ऊसाच्या हंगामात जावं का?

कॅम्पिंगचा मोसम आणि गळीत हंगाम एकाच वेळी येतात, त्याला इलाज नाही. पण सूर्यास्तानंतर ट्रेलर घेऊन जिल्ह्यातल्या रस्त्यांवर राहू नका. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे एकही दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि वेग पंधरा-वीस. नुसत्या गाडीत ऐनवेळी ब्रेक लागतो. मागे ६०० किलो असताना थांबायला तेवढं अंतर पुरत नाही. दिवसा ओव्हरटेक करतानाही आपली लांबी आता दुप्पट आहे हे ध्यानात ठेवा. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या पार करून ट्रेलरचं शेपूट आत यायला लागणारा रस्ता बराच मोठा असतो. उसाची टिपरी रस्त्यावर पडलेली असतात, त्यांवरून ट्रेलरचं हलकं चाक उडतं.

रिव्हर्स जमतच नाही. काही युक्ती?

स्टिअरिंग खालून, सहाच्या काट्यावर धरा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला तो हात सरकवा. डोकं शांत राहतं. हालचाल बारीक ठेवा, आणि ट्रेलर कोनात फार वळला की हट्ट न करता पुढे जाऊन सरळ करा. सराव रविवारी औद्योगिक वसाहतीतल्या मोकळ्या रस्त्यावर. शिवाजी पेठेतल्या बोळात नव्हे. तिथे सल्ला द्यायला अख्खी गल्ली जमते.

टायर आणि बेअरिंगची देखभाल?

ट्रेलर वापरून झिजत नाही, उभा राहून खराब होतो. टायरची नक्षी नवीकोरी दिसते पण बाजूला बारीक चिरा पडलेल्या असतात. बाजूवरची चार आकडी खूण बघा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षं झाली असतील तर बदला. ट्रेलरची स्टेपनी वेगळी लागते, गाडीची बसेलच असं नाही.

निघाल्यावर पहिल्या २५-३० किलोमीटरला थांबून हबला हाताची पाठ लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर एकतर बेअरिंग आवळून बसलं आहे, ग्रीस संपलं आहे किंवा ब्रेक चिकटला आहे. एकच बाजू तापली असेल तर दोष त्या बाजूला. चाकाचे नट पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. समुद्रावरून आलात की ट्रेलर खालून गोड्या पाण्याने धुवा. मालवणची हवा लोखंडाला सोडत नाही.

मुक्काम कुठे करायचा?

मालकाची परवानगी घेऊन खासगी जागेत, मळ्यात किंवा रिसॉर्टच्या आवारात. अभयारण्याच्या हद्दीत, धरणाच्या भिंतीजवळ आणि घाटातल्या वळणावरच्या मोकळ्या जागेत नाही. दाजीपूर-राधानगरी हे गव्यांचं राज्य आहे. संध्याकाळी रस्त्यावर गवा उभा दिसला तर लांबच थांबा, दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका, तो जाईपर्यंत थांबा. ट्रेलरमुळे तुम्हाला झटकन मागे फिरता येणार नाही, म्हणून अंतर नेहमीपेक्षा जास्त. अन्न आणि खरकटं बाहेर ठेवू नका.

प्रवासात मुलं ट्रेलरमध्ये झोपली तर चालतील?

नाही.

गॅस सिलिंडर नेता येतो का?

५ किलोचा छोटा पुरतो. उभा, पट्ट्याने बांधलेला, चालत्या प्रवासात रेग्युलेटर बंद करून काढलेला. स्वयंपाक बाहेर, छपराखाली. थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा निखाऱ्यांची पाटी बंद ट्रेलरमध्ये घेऊन झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि जाग येत नाही.

मायलेज?

पाव ते एक तृतीयांश कमी धरून चाला. उंच, चौकोनी ट्रेलर असेल तर महामार्गावर वाऱ्यानेच जास्त खातो. घडीचा तंबू असलेला बुटका ट्रेलर याबाबतीत उजवा.

एवढं सगळं करण्यापेक्षा टपावरचा तंबू बरा नाही का?

दोन माणसं असाल आणि वर्षातून चार-पाचदाच जात असाल, तर बरा. नोंदणी नाही, रिव्हर्सची डोकेदुखी नाही. मात्र टपाची वजनमर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. चालत्या गाडीसाठी ती बऱ्याचदा ५० ते ७५ किलोच असते आणि तंबूच त्यातलं बहुतेक खातो. ट्रेलरची मजा घरात म्हातारी माणसं असतील तर. शिडी चढायची नाही, आणि तळ एकदा टाकला की गाडी सुटी करून गावातून दूध-भाजी आणता येते.

घरी ठेवायचा कुठे?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये भांडण ठरलेलं. गावाकडे शेड असेल तर तिथे ठेवा: चाकं जमिनीवरून उचलून, एक्सलखाली टेकू देऊन, हँडब्रेक सोडून, कपलरला कुलूप लावून. पंचगंगेच्या पूररेषेत नको. २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते गावातल्या कुणालाही विचारा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा दारं उघडून वारा खेळू द्या, नाहीतर गणपतीनंतर उघडाल तेव्हा गादीवर बुरशी असेल.